आधी टॉर्च, मग प्रोजेक्टर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका जुन्या दगडी वास्तूची देखभाल करणाऱ्या समितीवर तुम्ही आहात. भिंतींवरचं कोरीवकाम बरंच झिजलंय, आत एक मोठं रिकामं दालन आहे. लोक येतात, फोटो काढतात आणि वीस मिनिटांत बाहेर पडतात. आता एकदाच मिळणारा थोडा निधी हाती आलाय आणि समितीत तीन तट पडलेत. एकाला मोबाइल अ‍ॅप हवंय, दुसऱ्याला व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधून आभासी दृश्य दाखवणारं यंत्र), तिसऱ्याला भिंतीवर प्रोजेक्शनचा शो. आणि 'एखाद्या कलाकाराला बोलवावं का' हे तुम्ही शेवटी कंसात विचारलंय.

संग्रहालयं आणि जुन्या वास्तूंसाठी मांडणी, प्रकाश आणि ध्वनीचं काम मी गेली बावीस वर्षं करते. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या समितीचं भांडण यंत्रावरून चाललंय, पण अडचण आहे ती नजरेची. वीस मिनिटं काही वाईट नाहीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये लोक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात हे मोजून पाहिलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला होता. सरासरी निघाली साधारण २७ सेकंद. निम्म्या वेळा तर लोक १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकले होते, आणि समोरची चित्रं नावाजलेली होती. तेव्हा तुमचे पाहुणे अरसिक आहेत असं मुळीच समजू नका. झिजलेल्या भिंतीत नेमकं बघायचं कुठे हेच त्यांना कळत नाही. मग हातातला फोन जे सांगतो ते ते करतात.

फोनबद्दल एक गंमत सांगते. लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञांनी संग्रहालयात प्रयोग करून पाहिला. ज्या वस्तूंचे नुसते फोटो काढले, त्या वस्तू लोकांना नंतर कमी आठवल्या. पण ज्या वस्तूचा एखादाच तपशील झूम करून टिपायला सांगितला होता, तिची आठवण बिघडली नाही. टिपलेला भागच नव्हे, बाकीची वस्तूही आठवत होती. २०१४ साली हा निबंध छापून आला तेव्हा मी आमच्या गटाला तो मोठ्याने वाचून दाखवला होता. यंत्र हातात असणं वाईट नाही. ते यंत्र तुम्हाला जवळ नेतं की तुमच्या वतीने बघून मोकळं होतं, एवढंच बघायचं.

म्हणून माझी कसोटी एकच आहे: यंत्र बंद झाल्यावर माणूस भिंतीकडे पुन्हा बघतो का?

ही कसोटी मला फजितीतून मिळाली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ठिकाणी आम्ही मोठा प्रोजेक्शन शो केला. भिंतीवरून घोडे दौडत गेले, तटबंदी कोसळली, आकाशातून ठिणग्या पडल्या. टाळ्या कडकडून. दिवे लागले आणि दोनशे माणसं भिंतीकडे पाठ करून फाटकाकडे निघाली. बाहेर उभं राहून मी काहींना विचारलं, 'भिंतीवर काय काय होतं हो?' सगळ्यांनी घोडे सांगितले. त्या भिंतीवर एकही घोडा नाही. तिथे वेली आहेत, पक्षी आहेत, एक वादकांची रांग आहे. ती कुणालाही सांगता आली नाही, कारण आम्ही तिचा पडदा करून टाकला होता. शोची कल्पना माझीच होती, त्यामुळे दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयही नव्हती.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधीच सांगते. वास्तू अजून वापरात असेल, तिथे कुणी प्रार्थनेला, उपासनेला येत असेल, तर त्यांच्याशी बोलल्याशिवाय एक दिवाही लावू नका. दगडावर मूळ रंगाचे अंश शिल्लक असतील तर प्रकाशाचं सगळं गणित बदलतं, ते पुढे सांगते. संध्याकाळनंतर वास्तू उघडी ठेवता येते का, वीज भरवशाची आहे का, वास्तूवर कायद्याचं संरक्षण आहे का आणि असेल तर परवानगी कोण देतं, हे तुमचं तुम्हालाच बघावं लागेल. आणि मशीन बंद पडलं की ते कोण उघडणार? याचं उत्तर एका माणसाचं नाव असायला हवं. 'कंपनी बघेल' हे उत्तर धरू नका.

सुरुवात टॉर्चपासून करा, हे मी अगदी गंभीरपणे सांगतेय. एका झिजलेल्या शिल्पपट्टासमोर आम्ही तीन दिवस कॅमेरे लावून बसलो होतो, हाती काही लागेना. तिथला रखवालदार शेवटी म्हणाला, 'बाई, हे दुपारी बघायचं नसतं.' सूर्य कलल्यावर तो आम्हाला घेऊन गेला, आणि जिथे ऊन पोचत नव्हतं त्या टोकाला टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवी धरली. सपाट दगडातून एक हात वर आला. मग बोटं, मग हातातली झांज. तो माणूस वर्षानुवर्षं हे एकटाच बघत होता.

कारण साधं आहे. समोरून पडणारा उजेड खोलगट आणि उंचवटा सारखाच उजळतो. तिरपा उजेड प्रत्येक उंचवट्याला लांब सावली देतो, त्यामुळे मिलिमीटरभर उरलेली रेघही वाचता येते. शिलालेख वाचणारे ही युक्ती फार जुन्या काळापासून वापरतात. टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एचपी या संगणक कंपनीच्या प्रयोगशाळेतून मांडलेलं तंत्र याचंच पुढचं पाऊल आहे. कॅमेरा एका जागी ठेवायचा, दिवा वेगवेगळ्या कोनांतून लावत पन्नासेक फोटो घ्यायचे आणि संगणकाने ते जोडायचे. मग पडद्यावर दिवा हवा तसा फिरवून बघता येतो. आज आरटीआय (रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग; माहिती अधिकाराशी याचा संबंध नाही) या नावाने ते ओळखलं जातं, आणि त्याची सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. पण ते काम अभ्यासाचं, नोंदीचं. पाहुण्यांसाठी आम्ही त्याच पट्टासमोर पाच छोटे एलईडी दिवे उभ्या स्टँडवर अर्धवर्तुळात लावले. ते एकामागून एक हळूहळू उजळतात आणि मंदावतात. एक फेरी चाळीस सेकंदांची. आवाज नाही, पडदा नाही, एक अक्षर लिहिलेलं नाही. लोक दोन-दोन, तीन-तीन फेऱ्या थांबतात. मुलं नंतर शेजारच्या भिंतीवर मोबाइलची टॉर्च आडवी धरून स्वतः शोधायला लागतात. माझ्या दृष्टीने त्या क्षणी आमचं काम संपलं.

दिव्यांबाबत तीन सूचना. भिंतीला भोक पाडायचं नाही, सगळं स्वतंत्र स्टँडवर. दिवे थंड आणि अतिनील किरण नसलेले हवेत, आणि रात्रभर चालू ठेवायचे नाहीत, नाहीतर किडे येतात, किड्यांमागे पाली आणि कोळी येतात आणि सहा महिन्यांत तुमचं कोरीवकाम जाळ्यांनी भरतं. आणि रंगाचे अंश असतील तर जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करणाऱ्या रसायनतज्ज्ञाला विचारल्याशिवाय काहीच नाही. कापड, कागद, जलरंग अशा नाजूक वस्तूंसाठी संग्रहालयं साधारण ५० लक्सची (लक्स हे उजेडाचं माप) मर्यादा पाळतात. उडालेला रंग परत येत नाही, आणि नुकसान दर तासाला थोडं थोडं साठत जातं.

प्रोजेक्टर वाईट असं मी म्हणत नाही. फ्रान्समधल्या अमिएँच्या कॅथेड्रलचं दर्शनी भागाचं शिल्पकाम गेल्या शतकाच्या अखेरीस साफ केलं, तेव्हा तेराव्या शतकातल्या पुतळ्यांवर जुन्या रंगांचे अंश सापडले. १९९९ पासून तिथे रात्री प्रकाशाने तेच रंग पुतळ्यांवर चढवले जातात. प्रत्येक रंग त्याच्या त्याच्या पुतळ्यावर, वस्त्राच्या घडीच्या घडीवर. तिथे भिंतीचा पडदा होत नाही.

यातलं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण मात्र एका आधुनिक चित्रकाराचं आहे. मार्क रॉथको यांनी हार्वर्ड विद्यापीठासाठी रंगवलेली पाच मोठी चित्रं १९६४ साली तिथल्या एका जेवणाच्या दालनात लावली. खिडक्यांतून भरपूर ऊन. लाल रंग टिकाऊ नव्हता, तो उडत गेला, आणि १९७९ पर्यंत चित्रं उतरवावी लागली. त्यांच्यावर ब्रश चालवणं म्हणजे मूळ कॅनव्हास कायमचा बदलणं. म्हणून २०१४ मधल्या प्रदर्शनात कॅनव्हासला हातही न लावता, जिथे जितका रंग उडालाय तिथे तितकाच रंगीत प्रकाश प्रोजेक्टरने टाकला. आणि रोज दुपारी चार वाजता प्रोजेक्टर बंद करायचे. लोक खास त्या वेळेला यायचे. डोळ्यांसमोर चित्र म्हातारं व्हायचं. त्या प्रदर्शनातला माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा भाग तो बंद करण्याचा आहे. तुम्ही प्रोजेक्शन केलंच, तर त्यात शेवटची पाच मिनिटं अशी ठेवा की प्रकाश हळूहळू उतरतो आणि उरलेला दगड लोक आता माहिती असलेल्या नजरेने बघतात. माझ्या घोड्यांच्या शोमध्ये नेमकं तेच नव्हतं.

आता रिकाम्या दालनाकडे. तिथे मी डोळ्यांना काहीच देणार नाही, कानांना देईन. एकदा दालनात एकटे उभे राहा आणि टाळी वाजवा. आवाज किती वेळ रेंगाळतो ते मोजा. इस्तंबूलच्या आया सोफियात, सहाव्या शतकातल्या त्या प्रचंड घुमटाखाली, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी फुगे फोडून त्याचे आवाज रेकॉर्ड केले. तो नाद विरायला सुमारे ११ सेकंद लागतात. तेव्हा ती वास्तू संग्रहालय होती आणि आत गाण्याची परवानगी नव्हती. मग त्यांनी त्या फुग्यांवरून वास्तूचा 'ध्वनिठसा', म्हणजे तिथे आवाज कसा घुमतो याची नोंद, काढला आणि गायकांच्या गटाने दुसरीकडे गायलेलं प्राचीन संगीत त्या ठशातून ऐकवलं. चौदाशेहून अधिक वर्षं जुन्या वास्तूचा आवाज एका फुग्यात सापडला! तुमच्या दालनातही परवानगी काढून एवढं करता येईल. फुगे, एक बरा रेकॉर्डर आणि ध्वनी समजणारा एक तरुण विद्यार्थी पुरे.

घुमणाऱ्या दालनात लाउडस्पीकरवरून निवेदन मात्र लावू नका. शब्द एकमेकांत मिसळतात आणि ऐकू येते फक्त भारदस्त गुरगुर. कमी आवाजाचे, एकाच दिशेला बोलणारे छोटे स्पीकर चालतील. जॅनेट कार्डिफ या कॅनेडियन कलावतीची २००१ ची एक रचना आहे. सोळाव्या शतकातलं चाळीस आवाजांचं एक समूहगान तिने प्रत्येक गायक वेगळा रेकॉर्ड करून चाळीस स्पीकरांवर मांडलं. मधोमध उभं राहिलं की समूह ऐकू येतो, एका स्पीकरजवळ गेलं की एकाच माणसाचा श्वास. २०१३ साली ते न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात, मध्ययुगीन दगडी चॅपलमध्ये ठेवलं होतं. दगडाला कुणी हात लावला नव्हता, पण लोक त्या जागेत चालत होते, थांबत होते, मान वर करून कमान बघत होते. ध्वनीचा मोठा फायदा हा की तो डोळे अडवत नाही.

म्हणजे आतापर्यंत: बाहेरच्या भिंतीला तिरपा उजेड, दालनाला आवाज, आणि प्रोजेक्शन केलंच तर उतरत जाणारं.

तुमचा कंसातला प्रश्न आता. हो, कलाकाराला बोलवा, आणि सगळ्यात आधी बोलवा. बहुतेक समित्या आधी उपकरणं विकत घेतात आणि मग 'यात काहीतरी भरून द्या' म्हणून कलाकाराकडे जातात. त्यातून घोडेच निघतात. आमच्या एका कामात आम्ही एका शिल्पकर्तीला फक्त दोन आठवडे येऊन बसायचे पैसे दिले. काही बनवायची अट नव्हती. इतिहासाच्या अभ्यासकांना त्या वास्तूत तारखा आणि राजे दिसत होते, मला दिव्यांच्या जागा दिसत होत्या. तिला दिसलं की एका खांबाची एकच बाजू, कमरेच्या उंचीवर, काचेसारखी गुळगुळीत झालीय. तिथे पायरी उंच आहे. शेकडो वर्षं चढणाऱ्या प्रत्येकाने तिथे हात टेकला होता. आम्ही ज्याला झीज म्हणून हळहळत होतो, ती माणसांच्या येण्याजाण्याची नोंद होती. पुढे तिने एवढंच केलं: संपूर्ण वास्तूत फक्त हातांनी आणि पायांनी झिजलेल्या जागांवर मंद प्रकाश टाकला. तिथे येणारे लोक आजही नकळत तो हात पुढे करतात आणि मग मागे घेतात. (हात लावू नका अशी पाटी आहे. तीही तिनेच लिहिली, फार नम्रपणे.)

कलाकाराशी करार मात्र ढिला ठेवू नका. जे काही लावाल ते खूण न ठेवता काढता आलं पाहिजे. इतिहासाबद्दलच्या विधानांवर अभ्यासकाचा शब्द शेवटचा, दिसण्या-ऐकण्याबद्दल कलाकाराचा. काम किती वर्षं राहील आणि नंतर ते कुणाचं, हे आधी लिहून घ्या. हे तिन्ही मुद्दे मी भांडणं झाल्यावर शिकले.

व्हीआरबद्दल मी थोडी कडवट आहे, हे मान्य करते. ज्या जागेत माणूस प्रत्यक्ष उभा आहे तिथेच त्याच्या डोळ्यांवर पेटी बांधायची हे मला पटत नाही. साधा हिशेब करा: चार हेडसेट, आठ मिनिटांचा अनुभव, पुसायला-बसवायला चार मिनिटं. तासाला वीस माणसं झाली, बाकीची रांगेत. शिवाय काहींना गरगरतं. पण जिथे जाताच येत नाही तिथे प्रतिकृतीला पर्याय नाही. फ्रान्समधली लास्कोची आदिम चित्रांची गुहा पाहुण्यांच्या श्वासाने आणि त्यामुळे वाढलेल्या शेवाळाने खराब होऊ लागली म्हणून १९६३ मध्ये बंद करावी लागली. आज लोक बघतात ती तिची हुबेहूब नक्कल. तुमच्याकडे जिना चढू न शकणारे पाहुणे असतील, वरचा मजला धोकादायक म्हणून बंद असेल, तर तेवढ्यासाठी एक हेडसेट किंवा साधा मोठा पडदा नक्की ठेवा.

नकलेला मी कमी लेखत नाही, उलट. चित्रकार व्हेरोनेसे यांचं 'काना येथील लग्न' हे भलंमोठं चित्र व्हेनिसच्या एका मठाच्या भोजनगृहासाठी १५६३ मध्ये पुरं झालं. १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते उचलून नेलं. मूळ चित्र आज लूव्र संग्रहालयात मोनालिसाच्या बरोबर समोरच्या भिंतीवर आहे, म्हणजे गर्दीची पाठ कायम त्याच्याकडे. २००७ साली फॅक्टम आर्ते या कार्यशाळेने बनवलेली अत्यंत अचूक प्रत मूळ भोजनगृहात बसवली. तिथे खिडकीतला उजेड चित्रातल्या उजेडाला जुळतो. खरं चित्र कुठे नीट भेटतं, यावर मी विद्यार्थ्यांशी तासन्‌तास वाद घातलाय आणि माझं मत दर वेळी थोडं बदलतं.

अ‍ॅपवर फार वेळ घालवत नाही. लोक डाउनलोड करत नाहीत, दगडी भिंतीत नेटवर्क नसतं, आणि दोन वर्षांनी फोनची नवी आवृत्ती आली की अ‍ॅप उघडत नाही. आमचं एक असंच गेलं, फाटकावर पाटी मात्र अजून आहे. यातली सगळ्यात बोलकी गोष्ट बीबीसीची. इंग्लंडची १०८६ सालची जमीन-नोंदवही, डूम्सडे बुक, तिला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये लेझर डिस्कवर देशाची नवी नोंद केली गेली. पंधरा-सोळा वर्षांत ती वाचणारी यंत्रं दुर्मिळ झाली आणि माहिती सोडवून घ्यायला वेगळा प्रकल्प काढावा लागला. चामड्यावरची जुनी वही आजही उघडून वाचता येते. तेव्हा जे काही डिजिटल कराल त्याच्या मूळ फाइल्स, साध्या स्वरूपात, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. पाहुण्यांसाठी हवंच असेल तर क्यूआर कोडवर उघडणारं एक हलकं पान पुरे.

आणि पुनर्रचना दाखवणार असाल, म्हणजे तुटलेला हात पूर्ण केलेला, उडालेला रंग भरलेला, तर अंदाज अंदाज म्हणूनच दिसू द्या. वारशाच्या संगणकीय चित्रणासाठी २००६ साली 'लंडन चार्टर' तयार झाला, त्याचा गाभा हाच: काय पुराव्याने माहीत आहे आणि काय अनुमान आहे हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. आम्ही पुरावा असलेला भाग भरीव रंगात आणि अंदाजाचा नुसत्या रेघेत दाखवतो. पुराव्यावरून दोन शक्यता निघत असतील तर दोन्ही. लोक गोंधळतील ही भीती अभ्यासकांना असते. माझ्या अनुभवात लोक तिथेच सर्वात जास्त वेळ थांबतात आणि आपसात वाद घालतात.

पैशांचं म्हणाल तर एकूण निधीचे चार भाग करा. एक भाग कलाकार आणि अभ्यासकाच्या वेळेला, एक उपकरणांना, एक पुढच्या तीन वर्षांच्या देखभालीला, आणि एक अजिबात न ठरवता बाजूला. समितीत शेवटच्या भागावरून सगळ्यात जास्त भांडण होईल आणि पहिल्या पावसाळ्यात तोच उपयोगी पडेल.

पण एक रुपयाही खर्च करण्याआधी हे करा. तीन वेगवेगळ्या संध्याकाळी समितीतल्या तिन्ही तटांचा एकेक माणूस, एक टॉर्च आणि तुमच्याकडचा सगळ्यात जुना रखवालदार बरोबर घेऊन तिथे जा. त्यालाच पुढे चालू द्या. काय काय वर आलं त्याची यादी इथे टाका, मग दिवे कुठे आणि किती, ते मी सांगते.